शाहीनचं इंटरनेट आणि माझी छत्री

"…छत्रीचा जो डबा असते ना, त्याच्या मांगं फोनची तार लावाची जागा असते. थे लावली का कापसाचा भाव घरबसल्या टीव्हीवर…"

एवढं ऐकू आलं आणि चक्कीवाल्याने पट्टा चढवला!

आता तुम्हीच सांगा, असं अर्धंच कानावर पडलं तर माणसाने करायचं काय? रांगेतला तो माणूस बोलतच होता. त्याचे ओठ हलत होते, समोरचा मान डोलवत होता. मी ज्वारीची पिशवी सरकवत पुढे गेले, कान लांब केला, तर कानात पीठ गेलं. चक्की थांबली तोवर तो आपलं दळण सायकलला बांधून निघूनही गेला. ओळखीचा नव्हता, नाहीतर त्याच्या घरी जाऊन उरलेलं वाक्य घेऊन आले असते. गल्लीत कोणाकडे पाहुणे यायचे असले की घरच्यांच्या आधी मला ठाऊक असतं. लोक याला भोचकपणा म्हणतात. मी काळजी म्हणते.

पण ती कापसाच्या भावाची गोष्ट मनात रुतली ती रुतलीच.

कापसाचा भाव पडलेला. ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. "काय म्हणते वावर?" हे एरवी भेटल्याबरोबर विचारायचं वाक्य, ते विचारायला माणसं भिऊ लागली होती. न जाणो, समोरचा खरं सांगायचा! आमचं वावर चांदूर बाजारकडे, राहायला आम्ही अमरावतीत. भाव चढेल म्हणून सगळा कापूस आणून बैठकीत भरला होता, पार खिडकीच्या गजापर्यंत. पाहुणे आले की कापसावर बसत. टीव्ही आम्ही कापसावर लोळून पाहत असू. आमचे हे त्या ढिगावर एक कोपरा धरून बसत आणि दिवसभर बोलत नसत. दारात आलेला व्यापारी एक भाव सांगे, मार्केटातून आलेला माणूस दुसराच. खरा भाव घरात कळला तर हा माणूस दोन शब्द बोलेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डबा आमच्याकडे होताच. गच्चीवर टीव्हीची छत्री नवी बसवलेली. आता तार.

फोनचं सांगते. आमच्याकडे फोन होता, नंबर नव्हता. नंबर शेजारच्या नसीमभाभींचा. त्यांच्या लाइनवरून एक तार काढून आमच्या घरात आणलेली, पॅरलल. घंटी दोन्ही घरांत एकदम वाजे. आधी भाभी उचलत. फोन आमचा असला की भिंतीवर वरवंटा ठोकत, मग मी उचलायचा. भाभींचा फोन असला तर मी उचलायचा नाही, असा नियम होता. तो मी बहुतेक वेळा पाळत असे.

त्याच लाइनवर भाभींच्या शाहीनने इंटरनेट घेतलं. पोरगी हुशार, कॉलेज करून घरी बसलेली. तिचे अब्बा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. पण आमच्यासारखी माणसं कापूस बैठकीत भरून बसल्यावर जिनिंग कशाच्या जिवावर चालणार? तेव्हा त्या घराचा सगळा जीव शाहीनच्या नोकरीत अडकलेला. इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने दोन्ही घरच्या फोनच्या तारेत एकेक पांढरी डबी अडकवली. मला बजावलं, "बाई, या डबीतूनच फोन लावाचा बरं. डबी काढून तार नाही लावाची कुठी. नाही तं त्यायच्या इंटरनेटची वाट लागन."

मी "हो हो" म्हटलं. म्हटलं, म्हणजे तोंडाने.

तर दळण घरी ठेवलं आणि डब्याच्या मागे डोकावले. काय सांगू! खरंच तिथे जागा होती. फोनच्या तारेची पिन जाईल एवढी, अगदी मापात. त्या माणसाबद्दल मनात एकदम आदर दाटला. फोनची तार काढली. डबीसकट लावू लागले, पण डबा भिंतीला चिकटलेला, मध्ये डबी मावेना. मग काढली डबी आणि पिन सरळ डब्यात. खट्! तो आवाज ऐकून मला स्वतःचाच अभिमान वाटला.

टीव्हीवर काही आलं नाही.

"काय करून राहिली?" ह्यांनी ढिगावरून विचारलं.

"कळन तुमाले."

"मले नाही कळलं तरी चालते. टीव्ही नको बिघडवू."

मी म्हटलं, असेल, भाव मुंबईहून की दिल्लीहून वर जाणार, तिथून छत्रीत उतरणार. वेळ लागतच असेल. राहू द्या तार लावलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमभाभी भिंतीवरून, "ताई, पोरीचं इंटरनेटच बंद झालं वो! चार दिवसावर इंटरव्ह्यू हाय तिचा. कम्प्यूटरवरच घेनार, पुण्याहून. क्या करू, समज में नै आता."

झालं! मला दुसरं काय पाहिजे? पदर खोचला आणि भाभींचं घर ताब्यात घेतलं. आधी कॉम्प्युटरची दृष्ट काढायला लावली. मग संशय गेला वानरांवर. आमच्या गच्चीवर वानरं येतात, तारांना लोंबकळतात. मी तीन दुपारी गच्चीवर काठी घेऊन बसले. भाभी मला वर चहा आणून देत. "आपल्या पोरीसाठी किती करून राहिल्या तुमी!" म्हणत त्यांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. खाली बैठकीत माझा डबा तिची लाइन दाबून बसलेला, आणि वर मी वानरांना शिव्या देत बसलेले!

लाइनमनला निरोपावर निरोप गेले. तो "येतो" म्हणे.

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. अकराची वेळ, दहा वाजून गेलेले. शाहीन नवा दुपट्टा घेऊन, केस चापून कॉम्प्युटरसमोर बसलेली आणि कॉम्प्युटर मख्ख. सायबर कॅफेतला कॅमेरा बिघडलेला, तिथे जाऊन उपयोग नाही. तिचे अब्बा अंगणात येरझारा घालत होते. भाभी माळ ओढत होत्या. शाहीन रडली नाही, पण नखं पाहून कळत होतं, सगळी कुरतडलेली.

मी गरजले, "तार कुठीतरी कोनं चोरून घेतली हाय! लाइन चोरतात लोकं. खांबापासून हातानं चाचपत गेलं का सापडते चोर."

शाहीन माझ्याकडे पाहत क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काकू, तुमीच धरा तार. तुमच्यावानी दुसऱ्या कोनाले नाही जमनार."

बघा, म्हणजे कोणालातरी माझी किंमत कळत होती!

खांबावरून तार उतरते तिथे मी हात घातला. मी पुढे, मागे भाभी, त्यांच्या मागे शाहीनचे अब्बा, नंतर शाहीन. तार भिंतीवरून भाभींच्या खिडकीत गेली. "हे तं बरोबर," मी म्हटलं. पण तिथूनच दुसरा एक फाटा निघाला होता! चुना लागून लागून भिंतीच्याच रंगाची झालेली तार, चटकन दिसतही नव्हती.

"पाहा! म्हनलं नवतं मी? हाच तो चोर!"

फाटा गच्चीवर चढला. आम्ही चढलो. फाटा कठड्यावरून पलीकडच्या गच्चीवर गेला. आम्ही कठडा ओलांडला. गच्चीवर छत्री होती, तिला वळसा घालून तार खाली. आम्ही जिना उतरलो. मी एका हाताने तार आणि दुसऱ्या हाताने काठी धरलेली, तोंडाने चालूच, "सोडत नाही मी आता त्याले! पोरीच्या पोटावर पाय देतो?" तार एका खिडकीत शिरली. गजातून आत कापूस दिसत होता.

कापसावर आमचे हे बसले होते.

"या," ते म्हणाले.

काठी माझ्या हातातून कधी पडली, मला कळलंही नाही. इतक्या वर्षांत स्वतःच्या घरात मी शेजारच्या गच्चीवरून कधी आलेच नव्हते हो, ओळखू तरी कसं?

शाहीन मला बाजूला करून सरळ डब्यामागे गेली. पिन ओढली. "काकू, पांढरी डबी कुठं आहे?"

"इथंच कुठीतरी ठेवली होती," मी ढिगाकडे बोट केलं. कापसात पांढरी डबी!

"राहू द्या. आता फक्त फोनले हात नका लावू." आणि पोरगी पळाली. थोड्या वेळात भिंतीपलीकडून भाभींचा आवाज आला, "आ गया! आ गया!" मग शाहीनचा बारीक, इंग्रजीतला आवाज. मी भिंतीला कान लावला नाही. खरंच नाही. ह्यांनी लावू दिला नाही.

संध्याकाळी ती आली. मला वाटलं बोलेल काहीतरी. तिने सरळ रिमोट उचलला, दोन-तीन बटणं दाबली आणि टीव्हीवर भाव आले! कापूस, तूर, सोयाबीन, ओळीने. तार नाही, काही नाही.

"याले तार लागतच नाही, काकू. मागची जागा आहे, पण आपल्याकडे थे चालूच नाही केलेली."

हे ढिगावरून उठून टीव्हीजवळ गेले. एकेक नाव मोठ्याने वाचलं. कुठली कुठली गावं, गुजरातेतली, आंध्रातली. अमरावती नाही, अकोला नाही. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथी भाव चांगला हाय." त्या गावाला आम्ही कधी गेलो नव्हतो, जाणार नव्हतो. पण कुठेतरी कापसाला माणसं विचारत आहेत, एवढं तरी कळलं. जेवताना ते त्यावर बोलले. दोन शब्द नाही, चांगले चार.

शाहीन निघाली तेव्हा मला राहवेना. "काय विचारलं व त्यायनं?"

"त्या कंपनीत लोकांचे फोन येतात ना, इंटरनेट बंद पडलं म्हनून. विचारत होते, गिऱ्हाईक ऐकूनच घेत नाही, आपलंच खरं म्हनते, दुसऱ्याले दोष देते, तं काय करान?"

"मंग?"

ती दारात थांबली. मोठ्या माणसाला तोंडावर बोलायची तिला सवय नाही. "चार-पाच दिवसापासून आमच्याकडं घंटी वाजते, काकू, अन् तुमच्याकडं वाजतच नाही. आज सकाळी ध्यानात आलं, गडबड तुमच्याच तारेत हाय. पन तुमाले कसं म्हनू?"

"अवं, पन तू उत्तर काय देल्लं?"

"म्हनलं, वाद नाही घालनार. तार त्यायच्याच हाती देईन. बरोबर आपल्या घरी पोचतात."

"हसले का ते?"

"खूप हसले. सोमवारपासून ये म्हनलं."