हॅलोरन तळ्याकाठची सपाट वाट

व्हर्लिन वोयानने उभ्या आयुष्यात एकही अवघड वाट केली नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हॅलोरन तळ्याच्या काठी काउंटीचं पार्क आहे. तिथे तो चौतीस वर्षं कामाला होता. गवत कापायचं, वादळात पडलेली झाडं करवतीने तोडून बाजूला ओढायची, संडास धुवायचे, सगळं त्याच्याच गळ्यात. पण जीव होता तो वाटांवर. एक वाट पाइनच्या झाडांतून जायची, एक दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून, आणि तिसरी तळ्याच्या काठाकाठाने, सव्वा मैल, तिन्हींत सपाट.

चढ त्याला तळपायांनी कळायचा. पाणसळ लावायच्या आधीच तो सांगायचा, इथे बोटभर जास्त आहे, खरवडा. गावातली धडधाकट मंडळी त्याची टर उडवायची.

"तुझ्या वाटेवर चालताना डुलकी लागते रे, व्हर्लिन."

"मग बाक ठेवलेत ना जागोजागी," तो म्हणायचा. "घे डुलकी."

त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सव्वीस वर्षं तिने रोज तीनशे पोरांना जेवायला घातलं. चालायची अशी की व्हर्लिनला मागून जवळजवळ पळावं लागे. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या हातातला डाव थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हाताचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. ओठांना लिपस्टिक लावायची नाही, एवढाच निर्णय घेतला. मग पायांनी दगा दिला. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. डोकं सांगायचं चल, अंग पुढे झुकायचं, आणि पावलं जागच्या जागी. एकदा सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात अशी अडकली. व्हर्लिन आंघोळीला गेला होता. तो बाहेर आला तेव्हा पाव जळून कोळसा झाला होता आणि ती चौकट धरून उभी होती.

"हाक का नाही मारलीस?"

"मारून काय होणार होतं? तू नागडा धावत आला असतास."

उपाय सापडला तो चर्चच्या आवारात. गाड्या लावण्यासाठी जमिनीवर पांढरे पट्टे आखले होते. आर्डिस दरवाजापाशी अडकली ती अडकलीच. पण पायापुढच्याच पहिल्या पट्ट्यावरून तिने पाय उचलला, मग दुसऱ्यावरून, आणि सगळं आवार ती झपाझप चालत गेली. तिला व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, असं होतं खरं. समोर ओलांडायला काही दिसलं की पाय उचलला जातो.

व्हर्लिनने कुणाची परवानगी घेतली नाही. दोन आठवडे संध्याकाळी बसून त्याने लाकडाच्या पट्ट्या कापल्या आणि तळ्याकाठच्या वाटेवर एकेक पावलाच्या अंतराने आडव्या बसवल्या, जमिनीशी अगदी सपाट, बोट फिरवलं तरी कड लागू नये अशा. अंतर आर्डिसच्या पावलाचं. मग तिला घेऊन आला.

आर्डिस बघत राहिली. "माझ्यासाठी शिडी आडवी घातलीस होय रे मुकादम?"

"बोलू नकोस. चाल."

ती चालली. पाव मैलावरच्या बाकापर्यंत न थांबता गेली, तिथे बसली, आणि बराच वेळ तळ्याकडे तोंड करून राहिली. व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलेलं तिला आवडलं नसतं.

ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. काउंटीतले इतर कंपवातवाले येऊ लागले. ड्वेन कुबियाक, ज्याने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. फिलिस ट्वाइट, निवृत्त शिक्षिका. आणखी चारपाच जण. दर मंगळवारी सकाळी दहाला. ड्वेन पहिल्या पट्टीपाशी उभा राहून म्हणायचा, "थांबा जरा, गाडी गिअरमध्ये पडत नाहीये," आणि फिलिस मागून म्हणायची, "मग मला पुढे जाऊ द्या, तुमच्यामागे शाळा सुटायची वेळ होईल." तीन उन्हाळे असे गेले. व्हर्लिनला नंतर वाटायचं, आपल्या हातून झालेलं खरं काम तेवढंच.

हॅलोरन तळ्याला ना नदी येऊन मिळते ना ओढा बाहेर जातो. जमिनीखालचं पाणी चढलं की तळं चढतं. सलग काही वर्षं पाऊस-बर्फ जास्त झालं आणि तळं चढू लागलं. आधी वाटेवर नुसती ओल आली. मग एका वसंतात बर्फ वितळल्यावर पहिला बाक पाण्यात दिसला. व्हर्लिनने वाट आठ फूट वर सरकवली, सगळ्या पट्ट्या उखडून पुन्हा बसवल्या. पुढच्या वर्षी पाणी तिथेही आलं. त्याने पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा सरकवायला जागाच नव्हती. मागे सरळ टेकडी होती.

काउंटीतली त्याची वरिष्ठ रँडी स्कोगन इंजिनिअरला घेऊन आली. चांगली बाई, व्हर्लिनच्या हाताखालीच काम शिकलेली. तिघं रबरी बूट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"पंप लावून उपसलं तर?" व्हर्लिनने विचारलं.

"उपसून सोडायचं कुठे?" इंजिनिअर म्हणाला. "शेजारची तळीही तुडुंब आहेत. जमिनीत मुरून पुन्हा इथेच येईल."

"उतरेल कधी?"

"दहा वर्षं. वीस. सांगता येत नाही."

रँडी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "व्हर्लिन, ही वाट बंद करावी लागेल. नावाच्या पाट्या काढून टाक."

मंगळवारची मंडळी पाइनमधल्या वाटेवर जाऊन पाहू लागली. तिथे मुळं होती आणि थोडा उतार होता. तुम्हाआम्हाला जाणवणार नाही इतका. पण उतारावर या लोकांची पावलं थांबत नाहीत, अंगाच्या मागे धावत सुटतात. दुसऱ्याच मंगळवारी फिलिस तोंडावर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. त्यानंतर कुणी आलं नाही. ड्वेनने फोन केला, म्हणाला, "चालायला शाळेच्या व्यायामशाळेत बोलावतायत. पण तिथे घामाचा वास येतो, आणि बघायला काय, तर भिंत." तोही दोनदाच गेला.

घरात व्हर्लिनने फरशीवर रंगीत टेप चिकटवली. आर्डिस त्यावरून पलंगापासून मोरीपर्यंत जायची, दिवसातून पाचसहा वेळा. बाहेर जायचं नाव काढत नव्हती. नोव्हेंबरात ती मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकट्या माणसाला तिला उचलणं झेपणारं नव्हतं. तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं.

तिथेही त्याने टेप नेली. नर्सबाईंना विचारून तिच्या खोलीबाहेरच्या बोळात पट्टे आखले. आर्डिस वॉकर धरून तीन आठवडे त्यावरून चालली. एक दिवस पार जेवणघराच्या दारापर्यंत पोचली. चौथ्या आठवड्यात नर्सबाईंनी व्हर्लिनला बाजूला घेतलं.

"तिचं बरं चाललंय, दिसतंय मला. पण या बोळात स्मृतिभ्रंश झालेले नऊ जण राहतात. त्यांना हे पट्टे खड्डे वाटतात. काल एक आजी पहिल्या पट्ट्यापाशी उभ्या राहून रडत होत्या. पलीकडे त्यांची खोली, आणि जायची हिंमत नाही."

चूक कुणाचीच नव्हती. असती तर बरं झालं असतं, कुणाशी तरी भांडता आलं असतं. व्हर्लिन गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच एकेक पट्टा सोलू लागला. आर्डिस चाकांच्या खुर्चीत बसून बघत होती. आवाज तिचा आता इतका बारीक झाला होता की वाकून ऐकावं लागे.

"नीट काढ," ती म्हणाली. "गोंद राहिला तर चाकं चिकटतील."

त्यानंतर ती चालली नाही.

एप्रिलमध्ये व्हर्लिन निवृत्त झाला. शेडच्या किल्ल्या द्यायला गेला तेव्हा रँडी पार्कचा नवा नकाशा पुढे ठेवून बसली होती. सोप्या वाटा आता दोनच उरल्या होत्या, आणि दलदलीवरच्या फळ्याही एका टोकाला बुडायला लागल्या होत्या.

"एक विचारू?" रँडी म्हणाली. "लोक फोन करतात. आई सोबत आहे, तिचे गुडघे गेलेत, कुठे फिरवू? काय सांगू त्यांना?"

व्हर्लिनने नकाशा आपल्याकडे वळवला. टेकडीमागचा रस्ता, बोटी उतरवायचा धक्का, पाइनचं रान, सगळ्यावरून त्याची नजर दोनदा फिरली. त्या सगळ्या जमिनीचा बोटभर चढउतारही त्याला पाठ होता.

"गाडी धक्क्याजवळ लावा म्हणावं," तो म्हणाला. "काचा खाली करा आणि बसा."

"बस, एवढंच?"

"एवढंच आहे."

तिने कॉफी विचारली. तो नको म्हणाला. शुक्रवार होता. शुश्रूषागृहात साडेअकराला तळलेला मासा देतात, आणि काटे काढून घास भरवायला कुणी नसलं की आर्डिसचं ताट तसंच परत जातं. तो वेळेवर पोचला. तिचा मासा त्याने बारीक कुस्करला. तिने तीन घास खाल्ले, चौथ्याला तोंड मिटून घेतलं. तो घासाचा चमचा हातात धरून बसून राहिला, ताटं गोळा करणारी बाई येईपर्यंत.