काळे वाटाणे आणि मार्सेलची बाटली

माझे थोरले दीर बोटीवर स्टुअर्ड होते. दारूबंदीच्या दिवसांत एकदा ते मार्सेलहून तांबड्या वाइनची बाटली वळकटीत दडवून लालबागला घेऊन आले. तिथले हमाल जेवताना पितात ती, स्वस्तातली. आमच्या खोलीत मात्र तिच्यासाठी खिडक्या लावून घेतल्या गेल्या.

बाटली रविवारी उघडायची ठरली. "हिच्याबरोबर मटणच पाहिजे. मासे चालत नाहीत," दिरांनी मला बजावलं. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मी मान डोलावली. सासरे पेपरातून डोकं वर काढेनात. गिरणीतून सुटले की त्यांना संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नसे, आणि दारूला ते शिवत नसत.

शनिवारी परळला दगडफेक झाली आणि कर्फ्यू लागला. मुंबई महाराष्ट्राला मिळायची तेव्हा मिळणार होती, तूर्तास लालबागला मटण मिळत नव्हतं. घरात होता सुका जवळा आणि काळे वाटाणे.

रविवारी दुपारी दिरांनी चहाच्या ग्लासांत दोन-दोन बोटं वाइन ओतली. "आधी ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा. घोट लगेच गिळायचा नाही."

आमच्या ह्यांनी इतक्या मनापासून ग्लास फिरवला की थोडी वाइन सदऱ्यावर सांडली. मग जवळ्याचा घास खाऊन त्यांनी घोट घेतला. "तोंडात खिळे धरल्यासारखं वाटतंय!"

"मासे नकोत म्हटलं होतं."

"मग कर्फ्यूला सांग तसं!"

सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं. "ह्या तर नासलेला कोकमाचा आगळ! ह्येच्यासाठी माणसांका तुरुंगात घालतत?"

पुरुषांची जेवणं आटोपली. ह्यांच्या ग्लासात अर्ध्याहून जास्त उरली होती. मी भात आणि वाटाण्याचं सांबारं वाढून घेतलं, ग्लास फिरवला, वास घेतला. जांभळासारखा होता. पहिल्या घोटाला कच्ची सुपारी खाल्ल्यासारखी जीभ आखडली. पण भाजक्या खोबऱ्याच्या सांबाऱ्याचा घास खाऊन पुन्हा घोट घेतला, तर तीच वाइन मऊ, गोडसर लागली. मी आणखी भात घेतला.

तेवढ्यात दार वाजलं. पोलीस चाळीची झडती घेत होते. बाटली तेलाच्या बुधल्याशेजारी उघडी उभी आणि माझ्या हातात ग्लास.

"काय पिताय बाई?" हवालदाराने विचारलं.

"कोकम."

त्याने ग्लास घेऊन हुंगला. माझ्याकडे बघत राहिला. इतक्यात शिपायाला गादीखाली सासऱ्यांची चळवळीची पत्रकं सापडली. हवालदाराने ग्लास परत माझ्या हातात दिला. "बेताने प्या. बाधतं हे."

आणि घरात ज्या एकाच माणसाने थेंबही घेतला नव्हता, त्याला घेऊन ते गेले.

सासरे आठ दिवसांनी सुटले. वाळले होते, पण खुशीत होते. एव्हाना दुकानं उघडली होती, मी मटण केलं. दिरांनी थाटात उरलेली वाइन ओतली. तिचा आंबूस व्हिनेगर झाला होता. त्यांचं तोंड बघवेना. सासऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. कोठडीत त्यांना शिवडीच्या एका हातभट्टीवाल्याने स्वतःची घोंगडी दिली होती, आणि तो किती सज्जन, हे ते हाडूक चोखत सगळ्यांना सांगत होते.