करीमचाचांची गादी

आज चाळीसगावात आमच्या गल्लीत कुणीतरी गादीचा कापूस पिंजत होतं. तो उबट, धुळकट वास नाकात शिरला आणि मी थेट लहानपणीच्या भडगावला, गिरणेच्या पात्रातल्या काळ्या खडकाला पालीसारखी चिकटलेली!

दोर नव्हता. घामेजल्या तळव्यांना चुलीतली राख चोळली होती. खाली मैत्रीण नसरीन उभी होती आणि तिच्या पायाशी, तिच्या वडिलांनी, करीमचाचांनी, गिऱ्हाइकासाठी भरलेली कोरी गादी. आम्ही ती गुपचूप पळवून आणली होती. वरची कपार वीतभर लांब, तेवढ्यात चाचाच आले. वाटलं, आता गादी ओढून नेणार. त्यांनी ओढली खरी, पण बरोबर माझ्याखाली आणली.

"बेटा, पडशी ते मधमा पड. कडेले कापूस कमी शे!"

मला हसू फुटलं, हात सुटला आणि मी धप्पकन मधोमध पडले. शिवण उसवली, तिघांच्याही केसांत कापूस. आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे घट्ट मिटले. उघडले तर चाचा चपला काढून तळव्यांना राख चोळत होते.

"उसवनी ते उसवनी. सरक, आते मना नंबर!"

तेव्हा ते मला म्हातारे वाटायचे. आज मी त्यांच्या तेव्हाच्याच वयाची आहे, आणि हात नुसते शिवशिवतायत.