परिचय करून देणारे सर

हातात काहीही आलं, खडू असो, चहाचा कप असो की माझ्या टेबलावरचं स्टेपलर, सर ते तोंडासमोर धरत, बोटानं त्यावर दोनदा टकटक करत आणि मगच बोलायला लागत. पहिलं वाक्य ठरलेलं : "थोडक्यात सांगतो." पुढं येणारं कधीच थोडक्यात नसायचं, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते वाक्य ऐकलं की दर वेळी आम्हाला बरं वाटायचं. माणूस सहजासहजी शिकत नाही.

असे एक सर तुमच्याही तालुक्यात असतील. त्यांचं नाव तुम्हाला आठवणार नाही, आवाज मात्र कुठंही ओळखाल.

आमचं कॉलेज उमरगा तालुक्यातलं, हायवेला लागून. मी तिथं ग्रंथपाल. सर मराठी शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन आणि दर जूनला नव्यानं नेमणूक. एप्रिल ते जून ते कुणाचेच नसत. अशी त्यांची बरीच वर्षं गेली होती आणि चाळिशीही मागं पडली होती. वर्गात ते चांगलं शिकवत. कॉलेजला त्यांची खरी गरज भासायची ती माइकपाशी.

आमच्याकडं पाण्याच्या फिल्टरचंसुद्धा उद्घाटन होतं. उद्घाटन म्हटलं की व्यासपीठ आलं, व्यासपीठ म्हटलं की त्यावर मावणार नाहीत इतके मान्यवर आले, आणि मान्यवर म्हटलं की आमचे सर आले. कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाला शाल आणि कुणाचं नुसत्या पुष्पगुच्छावर भागवायचं, कोणत्या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसवायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. पाहुणा यायला उशीर झाला तर ते तासभर काहीही न सांगता बोलू शकत. ज्यांचा परिचय करून देत त्यांना आपण एवढे मोठे आहोत हे तिथंच पहिल्यांदा कळायचं. एकदा एका ठेकेदाराचे डोळे भरून आलेले मी स्वतः पाहिले आहेत.

त्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "पुढच्या जूनपासून पीएच.डी.ला नोंदणी असेल त्यालाच तास. वरून दबाव आहे." वरून म्हणजे कुठून हे प्राचार्य कधी सांगत नसत, बोट मात्र पंख्याकडं करत.

सर तिसऱ्या प्रयत्नात प्रवेश परीक्षा पास झाले होते. आता राहिली होती मुलाखत. विद्यापीठाच्या समितीपुढं बसायचं, आपला विषय मांडायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. समितीला पटलं तर प्रवेश, नाही तर जूनमध्ये घरी. त्यांचा विषय होता सीमाभागातल्या आठवडी बाजाराची भाषा. विषय चांगला होता. मी तसं म्हणालो तर ते लाजले.

तयारी ग्रंथालयात सुरू झाली. मी अध्यक्ष आणि इतिहासाच्या मॅडम सदस्य. मॅडमची पीएच.डी. झालेली होती, त्यामुळं असल्या समित्यांविषयी त्यांच्या मनात काडीचा आदर नव्हता.

"स्वतःविषयी सांगा," मी म्हणालो.

सर उठून उभे राहिले. समोरचं स्टेपलर उचललं. टकटक.

"बसा हो सर," मॅडम म्हणाल्या. "मुलाखत बसून असते."

"बसून बोलायची सवय न्हाय मॅडम."

"मग लावा की आता."

ते बसले. घसा साफ केला. "थोडक्यात सांगतो. आजच्या या मुलाखतीचे अध्यक्ष, ज्यांनी उभं आयुष्य ग्रंथांच्या सहवासात वेचलं..."

"सर, तुमच्याविषयी."

"तिकडंच येतोय सर. आधी अध्यक्ष घ्यावे लागतेत."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो, ही मुलाखत हाय, सत्कार न्हाय. तुमचं गाव, तुमचं शिक्षण, हा विषय का घेतला, एवढंच सांगा."

सरांनी स्टेपलर टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "माझ्याविषयी काय... आमी आपले असेच."

मी दुसरा प्रश्न घेतला. विषयाबद्दल बोला. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "विषयाच्या फार खोलात न जाता..."

"खोलात जायलाच बोलावलंय तुम्हाला!" मॅडम ओरडल्या.

पुढं ओरडायला वेळ मिळाला नाही. शिपाईमामा दारात उभे होते. "सर, माइक. सायकल स्टँडचं उद्घाटन हाय. पावणे आले." सर निघाले. जाताना आमच्याकडं वळून म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीनं." मी परवानगी दिली. तयारीचे दिवस असेच गेले. कधी वृक्षारोपण, कधी कुणाची सेवानिवृत्ती, कधी कुठल्याशा स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेल्या मुलाचा सत्कार. प्राचार्य सरांना भेटले की विचारत, "तयारी जोरात ना?" आणि लगेच पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगत.

एकदा कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं बाजारातून चाललो होतो. बाजाराचाच दिवस होता. एका म्हातारीपुढं लाल मिरचीचा ढीग होता आणि एक बाई तिच्याशी भाव करत होती. सर थांबले.

"ऐका," ते म्हणाले. "भाव कन्नडमधी विचारला का न्हाय? आता घासाघीस मराठीत हुईल. बघा, झाली. आता बाई चिडून निघंल, ती परत कन्नडमधी."

बाई "बेडा, बेडा" म्हणत खरंच निघाली.

"जात न्हाय ती," सर म्हणाले. "बेडा म्हणून गेलेली बाई चार पावलावरनं परत येती. मराठीत नको म्हणली असती तर मात्र गेली. माझी आई अशीच मिरची विकायची. म्या पोत्यावर बसून बघायचो. कुणाला आवाज द्यायचा आणि कुणाला जाऊ द्यायचं, हे आई त्याच्यावरनंच ठरवायची. आणि पैसे मोजायचे असले की उर्दू. 'पूरे हैं क्या देखो.' हिशेबात भांडण नको म्हणून ती तिसरी भाषा, दोघींचीबी न्हाय अशी."

बाई परत आली होती. म्हातारी न बघताच तराजू उचलत होती.

सर बोलत राहिले. हातात काही नव्हतं, कुठं टकटक नव्हती. मिरचीवालीची भाषा, बांगडीवाल्याची भाषा, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटांनी चालणारी भाषा. मी आयुष्यात पुष्कळ चर्चासत्रांना बसलो आहे, बहुतेक ठिकाणी जेवणासाठी. इतकं नीट कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

"सर, हेच सांगा तिथं," मी म्हणालो. "असंच्या असं."

ते माझ्याकडं बघून हसले. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. "हे? हे काय सांगायचं सर. हे तर आमच्या घरातलं हाय. तिथं विद्यापीठाला शोभंल असं काईतरी बोलावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला शोभेल असं उत्तर पाठ करून आणलं. त्यात भाषेला गंगोत्री म्हटलेलं होतं. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, यावरून त्यांनीही आशा सोडली होती हे मला समजलं.

मुलाखतीला त्यांनी मला सोबत नेलं. एसटीत ते खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होते. विद्यापीठात एका लांब व्हरांड्यात पंचवीस-तीस उमेदवार फायली छातीशी धरून बसले होते. आतल्या कुलरची वायर दारातून बाहेर आलेली होती, त्यामुळं दार पुरतं लागत नव्हतं. सरांचं नाव पुकारलं गेलं, ते आत गेले आणि मी फटीजवळच्या बाकावर सरकलो.

"या, या," अध्यक्षांचा आवाज आला. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

"सर, आमच्या कॉलेजला आपण दोनदा आला होता. स्नेहसंमेलनाला आणि इमारतीच्या पायाभरणीला. सूत्रसंचालन मीच केलं होतं."

"अरे! तुम्हीच ते! काय परिचय करून दिला होता माझा. आमच्या मंडळींनाही ऐकू द्या की जरा."

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. ते उभे राहिले होते. मग टेबलावर टकटक. मी डोळे मिटून घेतले.

"थोडक्यात सांगतो," सर म्हणाले.

त्यांनी अध्यक्षांचा परिचय करून दिला. जन्मगाव, खडतर बालपण, ग्रंथसंपदा, पुरस्कार, विदेश दौरा. मग डावीकडच्या सदस्यांचा. मग उजवीकडच्या. एका सदस्याबद्दल फारशी माहिती नव्हती, तिथं त्यांनी विनम्रता हा गुण घेतला. आत हसणं चाललं होतं, वा वा चाललं होतं, कुणीतरी टाळीही वाजवली. प्रत्येक उमेदवाराला ठरवून दिलेला वेळ संपला आणि बाहेरच्या कारकुनानं घंटी वाजवली.

"फार छान," अध्यक्ष म्हणाले. "या आता."

सर बाहेर आले तेव्हा घामानं भिजलेले होते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सर, झालं! कुठंच अडकलो न्हाय."

"विषयाचं काय विचारलं?"

"विषयापर्यंत गेलेच न्हाईत. लई खूश होते."

परतीच्या एसटीत ते निवांत झोपले. एवढं निर्धास्त झोपलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांची निवड झाली नाही. शेरा होता : विषयाची मांडणी केली नाही. शेरा खरा होता, हेच त्यातलं वाईट. सर ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर बसले, हात मांडीवर ठेवून.

"वा वा म्हणत होते सर," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलंत की."

"ऐकलं."

"मग?"

मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायला घेतले.

पंधरवड्यानं त्यांना अध्यक्षांकडून फोन आला. अध्यक्षांचा मोठा सत्कार ठरला होता, दोन मंत्री येणार होते. सूत्रसंचालन आमच्या सरांनीच करावं अशी सत्कारमूर्तींची खास इच्छा होती.

"नाही म्हणून सांगा," मॅडम म्हणाल्या. "थोडी तरी चाड ठेवा."

"असं कसं म्हणता येईल मॅडम. पुढच्या वर्षी परत मुलाखत द्यायचीय. समितीवर तेच असतेल."

"अहो सर," मी म्हणालो, "सेवानिवृत्तीचा सत्कार आहे तो. ते कुठले असतात पुढच्या वर्षी?"

ही गोष्ट सरांच्या ध्यानातच आली नव्हती. शेकडो सेवानिवृत्त्या माइकवरून पार पाडलेला माणूस! निवृत्तीच्या कार्यक्रमानंतर मान्यवर खरंच घरी जातात, हा विचार त्यांच्या धंद्यात करावा लागत नसावा.

"तरी पण," ते म्हणाले, "एखादा शब्द टाकतील कुठंतरी."

ते गेले. कार्यक्रम अप्रतिम झाला असं ऐकलं. शब्द कुणी कुठं टाकल्याचं ऐकलं नाही.

जूनमध्ये मराठीचे तास दुसऱ्या कुणाला तरी मिळाले. प्राचार्यांना मनापासून वाईट वाटलं. स्वातंत्र्यदिनाला सूत्रसंचालन करायला या, असं त्यांनी सरांना सांगितलं आणि सर आलेही.

यंदाच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. गाडीतून उतरतानाच आवाज ऐकू आला. वरबापाच्या बाजूचे सरपंच, चेअरमन, सोसायटीचे संचालक, एकेक जण मांडवात पाऊल टाकत होता आणि सर त्याला शुभाशीर्वादासाठी आलेला थोर माणूस करून टाकत होते. मी आत शिरलो तर लाउडस्पीकरवरून माझंही नाव आलं, मागं ज्येष्ठ विचारवंत लावून. दोन-चार माणसांनी वळून विचारवंत कुठंय ते पाहिलं. त्यांना कुणी दिसला नाही.

अक्षता पडल्यावर मी स्टेजच्या मागं गेलो. कनातीआड एका खुर्चीवर ताट ठेवून सर दुसऱ्या खुर्चीवर नुकतेच जेवायला बसले होते. वाळले होते. मला पाहून उठायला लागले. मी खांद्याला धरून बसवलं.

"यंदा अर्ज भरला का?" मी विचारलं. परीक्षा पास झालेल्यांना आणखी एक संधी असते, हे मला माहीत होतं.

"न्हाय सर."

"का?"

त्यांनी भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला.

"समिती पूर्ण बदलली. नवीन लोकांची मला काहीच माहिती न्हाय," ते म्हणाले. "जाऊन बोलायचं काय?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि मुलीचा मामा आत डोकावला. "सर, आमदारसायेबांची गाडी आली! पळा!"

"आलोच सर, बसा," मला म्हणून सरांनी हात धुतला, रुमालाला पुसला आणि ते गेले. बाहेर परिचय सुरू झाला. आमदारांच्या मागून आणखी कुणीकुणी येत राहिलं. मी बराच वेळ त्या खुर्चीपाशी थांबलो. मग एक वाढपी आला, इथं कुणी बसलंय का म्हणून त्यानं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ताट उचलून घेऊन गेला.