जवायानं बसवलेला डबा

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, जिभेची तिखट. भाजीवाला, एसटीचा कंडक्टर, नळाचा माणूस, तिच्या तोंडून कोणी सुटत नव्हतं. माझं तर सांगूच नका. पण जवाई समोर आला की त्याच जिभेला कुलूप. एकदा त्यानं परदेशातून लोकरीचं स्वेटर पाठवलं, ते नेमकं मे महिन्यात पोचलं. ह्या बाईनं अमरावतीच्या उन्हात ते अंगात घातलं आणि घामानं निथळत फोटो काढून घेतला. मी म्हटलं, "मरशीन ना वं!" तर म्हणते, "गप बसा. जवायानं धाडलं हाय."

मी चौथी शिकलो, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. मला सजवून लिहिता येत नाही. तुमच्याही घरी अशी बाई असेल किंवा होती, म्हणून लिहितो.

जवाई अकोल्याचा, कॉम्प्युटरच्या कामातला. आमची शीतल त्याच्यासोबत कॅनडात असते. धोंड्याच्या महिन्यात दोघं आली. बुढीनं अनारसे तळले, त्याला पाटावर बसवून ओवाळलं, वाण दिलं. तेव्हा आमच्याकडे टेलिफोनची जुनी तांब्याची लाइन होती, नेट थेंब थेंब यायचं. जवायानं बाजारातून राउटर आणला, त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसलं आणि आपल्या पसंतीचं दुसरं टाकलं. पासवर्ड त्याचाच. म्हणाला, "आई, लाइन कमजोर आहे. त्या मानानं बसवून दिलं. आता बोलताना अडकणार नाही." आणि खरंच अडकलं नाही. दसऱ्याला बुढीनं माझ्या पान्यांसोबत त्या डब्यालाही झेंडूची माळ घातली.

पुढे लेकीला मुलगा झाला. इकडे वरच्या खोलीत शिकणारी पोरं भाड्यानं आली, टीव्हीही नेटवर चालायला लागला आणि मोबाइलमधलं चित्र फाटायला लागलं. त्याच सुमारास बुढीच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं, प्रवासाचं नाव काढू नका. म्हणजे नातू दिसणार तो त्या मोबाइलातच. तेवढी एकच गोष्ट तिला पाहिजे होती. बाकी तिनं काही मागितलं नाही.

नेट सुधारायचे तिचे इलाज सुरू झाले. डबा फ्रिजवरून उचलून कपाटावर, कपाटावरून खिडकीत. बंद करून चालू. पदरानं पुसणं. नातवाची वेळ झाली की जिन्यात उभी राहून ओरडायची, "पोरं हो, मोबाइल बंद करा रे! माह्या नातवाचा टाइम झाला!" पोरं बिचारी बंद करायची. थोडा फरक पडायचा, पुन्हा तेच. फोन ठेवला की मला सांगायची, "आज त्याचं तोंड चौकडीच्या लुगड्यावानी दिसलं. पन कान दिसले बरं. माह्या बापाचे कान हायेत." आणि तिकडून जवाई विचारायचा, "आई, नीट दिसतं ना?" तर ही, "एकदम चकचकीत!"

शेवटी मी नवी, काचेच्या तारेची फायबर लाइन घेतली. तरी चित्र फाटतच राहिलं. लाइनवाल्याला बोलावलं. त्यानं तार काढून आपल्या लॅपटॉपला लावली, नेट धडाधड पळालं. डब्यातून घेतलं, पुन्हा रांगायला लागलं.

"काकाजी, लाइनीत दम हाय. हा डबाच गळा दाबून राहिला. आत काय टाकलं, मले पासवर्डाबिगर दिसत नाई. जवायाले इचारा, नाईतर मी दुसरा बसवून देतो."

बुढी खाटेवरून उठून आली. "त्याले बोट लावू नोका."

"अवं, पन नातू दिसत नाई ना तुले?"

"नाई दिसला तर नाई दिसला. जवायाच्या कामाले सासूनं नाव ठेवलं म्हनतीन. अकोल्याले चार बाया बोलतीन आन् आयकून घ्या लागन माह्या पोरीले."

लाइनवाला गेल्यावर मी मोबाइल उचलला, म्हटलं लावतोच त्याला फोन. तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "माही आन हाय तुमाले." हृदय थकलेली बाई. मी मोबाइल खाली ठेवला.

नातू पहिल्यांदा चालला तेव्हा आम्ही दोघं मोबाइलपुढेच होतो. पोरगा सोफा धरून उभा होता. जवाई ओरडला, "आई, बघा बघा, निघाला!" आणि चित्र तिथंच थिजलं. सोफा, त्यावर पोराचा हात. नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या. चित्र हललं तेव्हा पोरगा खाली बसलेला होता.

"दिसलं ना आई?"

"दिसलं नं! कसा तुरुतुरु आला!"

फोन बंद झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. तशीच पडून विचारलं, "तुमाले दिसलं का?"

"नाई."

"मलेई नाई."

दिवाळीला शीतल येणार होती. बुढी त्याआधीच गेली. लेक-जवाई पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

तेरवी आटोपल्यावर जवाई त्या डब्याशी बसला. पासवर्ड टाकून थोडं खालीवर केलं आणि एकदम थांबला. "बाबा, जुन्या लाइनच्या मानानं मी इथं वेगाला हद्द घातली होती. नवी लाइन आल्यावर ती काढायला पाहिजे होती. तिथूनसुद्धा काढता आली असती. मला एकदा सांगायचं ना." मोठा माणूस, हमसून हमसून रडला. तुमच्या मानापायी तिनं सांगितलं नाही, म्हटलं. मला अजून तिचा राग येतो. रागावू कोणावर, ते समजत नाही.

आता नेट पळतं. नातवाच्या ओठावरचं दूध दिसतं. तो मला आबा म्हणतो, पळत येऊन काचेला नाक लावतो. चांगलं आहे. पण चित्र इतकं साफ आहे, की शीतल माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्यामागे बघते, तेही दिसतं. मागे तिच्या आईची खाट आहे. म्हणून फोन आला की मी आधी सरकून बसतो. मागे नुसती भिंत येईल असा.