असिरियाचे कारकून आणि सेरंगूनच्या दारातल्या चपला

धाकटा भाऊ बेनी सिंगापूरहून फोनवर म्हणाला, "ताई, नवस तू बोललीस, आता फेडायलाही तूच ये. पोरगी माझं ऐकत नाही." आणि पुढच्याच आठवड्यात तिकीट हातात पडलं. अलिबागच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. पायाला भिंगरी बांधायला निमित्तच हवं होतं. ही गोष्ट २००७च्या डिसेंबरातली.

नवसाची हकीकत आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, वाचले ते तेल गाळू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पण गलबत आलं कुठून? आमच्यातली एक जुनी समजूत अशी की असिरियाच्या राजांनी इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवून तिथली दहा कुळं हाकलून नेली, त्यांतलेच आम्ही. याला पक्का पुरावा नाही, हे इतिहासाची बाई म्हणून आधीच कबूल करते. पण अडीअडचणीला आम्ही ज्याला हाक मारतो तो संदेष्टा एलियाहू त्याच उत्तरेच्या राज्यातला. त्याच्या नावाने आम्ही मलिदा करतो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि ताटाभोवती प्रार्थना. भाची ताल्या दोन वर्षांची असताना न्यूमोनियाने अत्यवस्थ होती, तेव्हा मी बोलले होते की पोर उठू दे, बाराव्या वर्षी तिच्याच हातून मलिदा करवीन. पोर उठली, माझ्या डोक्यापर्यंत वाढली, आणि आता म्हणत होती की मी नाही करणार.

मांडव्याहून लाँचने गेटवे, तिथून टॅक्सीने विमानतळ, मग साडेपाच तासांचं विमान. जाणाऱ्यांसाठी सूचना: घड्याळ अडीच तास पुढे करा, छत्री डिसेंबरातही घ्या, आणि जाड पोहे इथून वाहून नेऊ नका. मी दोन किलो नेले आणि तिथे लिटल इंडियात तस्सेच पोहे बघून माझंच मला हसू आलं.

बेनी सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या कामावर इंजिनिअर, त्याची बायको लिआ चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ऑफिसात. सेरंगून भागातला त्यांचा नवा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. ताल्याने दार उघडलं, मिठी मारली, माझी बॅगही उचलली, आणि चहा होतो न होतो तोच विषयाला हात घातला.

"आत्या, मलिदा-बिलिदा नको. शाळेत मी असिरियन्सवर प्रोजेक्ट केला. त्यांच्याकडे लायब्ररी, कालवे, एवढी मोठी आर्मी. दे वन, लाह. आपण काय केलं? तेल काढलं."

वाक्यामागे लाह-आह लावायची ही तिथली लकब. माझा पारा चढला, पण पहिल्याच दिवशी भांडायचं नाही असं ठरवून आले होते. नेमकं त्या वेळी शहरातल्या एका संग्रहालयात असिरियन शिल्पांच्या प्रतिकृतींचं फिरतं प्रदर्शन लागलं होतं. म्हटलं, उद्या तुझ्या त्या जिंकणाऱ्यांनाच भेटू.

गुरुवारी सकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने निघालो. गाडी अगदी चकचकीत, मात्र तिच्यात घोटभर पाणी प्यायचीही बंदी. माझी बाटली तोंडाशी जाताच ताल्याने मला असं दटावलं की मला माझ्याच वर्गात बसल्यासारखं वाटलं.

प्रदर्शनाचं तिकीट हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतल्या दोन जेवणांइतकं होतं, आणि ते वसूल झालं. भिंतभर शिल्पपट होता. वेढा पडलेला किल्ला, शिड्या चढणारे सैनिक, आणि खाली बैलगाड्यांवर बोचकी लादून निघालेली बायकापोरं. पलीकडच्या एका पटात दोन कारकून उभे राहून कैद्यांची मोजदाद लिहून घेत होते. मी त्या कारकुनांपाशी थांबले. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, अशुभ मानतात. प्रार्थनेला दहा पुरुष जमले की नाही हे बघायला आमची आई दारातल्या चपला मोजायची.

ताल्याला नीट कळावं म्हणून मी शाळेतल्या आवाजात, इंग्रजीतून सांगायला लागले. "ही बैलगाडीवाली माणसं बघ. हे आपले पूर्वज. ती दहा कुळं."

"माफ करा बाई," मागून आवाज आला. ऐंशीच्या घरातले एक गोरेपान गृहस्थ काठीवर हात ठेवून बाकावर बसले होते. "हा लाखीशचा किल्ला, दक्षिणेतल्या यहूदाचा. उत्तरेची दहा कुळं याच्या वीसेक वर्षं आधीच गेली होती."

तीस वर्षांची नोकरी आणि अशी चूक! दिसला कैदी की तो आपलाच, ही आमची जुनी खोड. ताल्या तोंडावर हात दाबून हसत होती. "आत्या गॉट इट राँग!" गेल्या चोवीस तासांत पोरगी पहिल्यांदाच मोकळी हसली, म्हणून मीही हसले.

गृहस्थांचं नाव सायमन. त्यांचं घराणं बगदादचं, तिथून मुंबईला, मग आजोबांच्या वेळी सिंगापूरला आलेलं. म्हणजे तेही ज्यू, पण बगदादी. मी आमची ओळख सांगितली तेव्हा ते काठीची मूठ फिरवत जमिनीकडे बघायला लागले. का, ते मला ठाऊक होतं. ते पुढे येईलच.

ताल्या मात्र तोवर दुसरीकडे वाचत उभी होती. तिथे लाखीश घेणाऱ्या असिरियन राजा सन्हेरीबच्या कोरीव वृत्तांताचा अनुवाद लावला होता. इतके किल्ले घेतले, इतकी माणसं नेली, इतकी जनावरं, सगळं बारकाईने. आणि यहूदाची राजधानी यरुशलेम, तिथल्या राजाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, म्हणे.

तिने दोनदा वाचलं. "आत्या, पण यरुशलेम घेतलं असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"बाकीचं सगळं लिहिलंय, आणि हे नाही? मग तो घरी गेला, लाह! ही डिड नॉट विन!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की रखवालदार बघायला लागला. मला तर तिला उचलून नाचावंसं वाटलं. माझ्या किती विद्यार्थ्यांनी कागदावर नसलेलं वाचलं असेल? सायमन काठी टेकत उठून तिच्याशेजारी आले.

"पोरी, त्या काळी हरलेली माणसं जिंकणाऱ्याच्या देवापुढे वाकायची," ते म्हणाले. "आपले संदेष्टे म्हणाले, असिरियन म्हणजे आपल्याच देवाच्या हातातली काठी. आपण चुकलो म्हणून तिचा मार बसला. राज्य गेलं तरी देव हरला नाही. म्हणून तर त्याला बरोबर घेऊन कुठेही जाता आलं."

"नवगावलाही," मी म्हटलं.

जेवायला आम्ही हॉकर सेंटरला गेलो. आम्हाला मासा चालतो, कोळंबी-खेकडा नाही, म्हणून आपला डोसा बरा. दुसरा डोसा संपवून ती म्हणाली, "ओके. ताट मी धरते. बट माणसं तुम्ही आणा, आह."

शुक्रवारी लिटल इंडियातून केळी, सफरचंदं, पेरू, चिकू अशी चार फळं आणि खवायला नारळ आणले. पाचवं फळ खजूर, तो मनासारखा मिळेना. दुपारी सेम्बावांगहून बेनीच्या एका सहकाऱ्याचा फोन आला, आमच्यातलाच, रोह्याचा. दुरुस्ती लवकर संपली, जहाज शनिवारीच सुटणार आणि तोही त्याच्यावर. समुद्राला शनिवार नसतो. बेनीने मोठ्या मुश्किलीने रविवारच्या मलिद्यासाठी स्वतःला धरून दहा पुरुष जमवले होते. त्यांतला एक गळला, आणि दहा नसतील तर पूर्ण प्रार्थना होत नाही.

"सायमन अंकलना बोलवू," ताल्या म्हणाली. त्यांनी तिला नंबर लिहून दिला होता.

"बगदाद्यांना मी विचारणार नाही," बेनी एकदम तुटक बोलला. मग तिला ती गोष्ट सांगावी लागली. आमचे बाबा तरुणपणी मुंबईत एका बगदादी प्रार्थनाघरात गेले होते. आत नऊ माणसं दहाव्याची वाट बघत होती. बाबा जाऊन उभे राहिले. ती नऊ माणसं वाटच बघत राहिली. काळ्या तेल्याला ज्यू म्हणून धरायला कोणी तयार नव्हतं. बाबा घरी येऊन जेवले नाहीत, एवढं आई सांगायची.

लिआने डोळे पुसले. ताल्याने सरळ फोन उचलला, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत बोलूनही मोकळी झाली. "अंकल, तुमच्या लोकांनी बॉम्बेत माझ्या आजोबांना धरलं नाही. आता आमच्याकडे नऊच आहेत. संडेला पाच वाजता तुम्ही या. कॅन ऑर नॉट?"

मी कपाळाला हात लावला. मग ताल्याचा चेहरा फुलला. "कॅन, म्हणाले."

शनिवारी घरात चूल नाही, प्रवास नाही. खिडकीत बसून समोरचे फ्लॅट बघितले आणि सायमन ऐनवेळी येणार नाहीत या काळजीने झुरले. बेनी तर म्हणालाच, "बघ, येणार नाहीत."

रविवारी पाचला ताट तयार होतं. पोहे मी भिजवले, खोबरं ताल्याने खवलं, बोट कापून घेतलं ते वेगळं. साडेपाच झाले. बेनी माझ्याकडे बघेना. ताल्या सारखी दाराबाहेर जाऊन पुरुषांच्या चपला बघून येत होती. नऊ जोड. परत नऊ जोड.

मग लिफ्ट वाजली. बाहेरून तिची आरोळी आली, "आत्या! बूट!"

सायमन दाराशी वाकून नाड्या सोडत होते. चॉकलेटी, जुने, पण चकचकीत पॉलिश केलेले बूट. पाऊस आणि टॅक्सीची रांग, म्हणून उशीर झाला होता. काखेत खजुराचा डबा होता. "इराकी आहे," ते म्हणाले. "फार शोधला." आत येऊन त्यांनी बेनीचा हात दोन्ही हातांत धरला. "तुझ्या वडिलांना त्या दिवशी धरायला हवं होतं. माझे वडील व्यापारासाठी मुंबईला जायचे, ते त्यांच्यात होते की नाही, मला माहीत नाही. असतीलही." बेनीने त्यांना ताटाजवळची मानाची जागा दिली.

ताल्याने ताट उचललं. दहा पुरुषांचे आवाज एकदम उठले, त्यांत एक बगदादी वळणाचा, सगळ्यांहून खणखणीत. त्या चालीवर आमचे मराठी हेल आणि त्यांचे अरबी हेल एकमेकांना ढुशा देत होते आणि कोणीच माघार घेईना. मी रडले, उघड उघड रडले. प्रसाद वाटताना ताल्या प्रत्येकाला सांगत होती, "फिनिश हं, वेस्ट करायचा नाही." सायमननी दोनदा मागून घेतला.

अलिबागला परत येऊन तीन आठवडे झाले. सिंगापूरच्या बागा बघायच्या राहिल्या, उंच इमारतीवरून शहर बघायचं राहिलं, त्याची हळहळ नाही. असिरियाच्या कारकुनांनी आम्हाला किती आकड्यात धरलं असेल कोण जाणे. काल ताल्याने ईमेलने एक फोटो पाठवला, त्या संध्याकाळी दाराबाहेर तिने काढलेला. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून तो मोठा करून आणला आणि बाबांच्या तसबिरीखाली लावला. त्यात माणूस एकही नाही, नुसत्या चपला आहेत. दहावा जोड चॉकलेटी बुटांचा.