इंद्रजालाची फ्रेम

आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आमच्या शहरात समुद्राचा कायदा कुणाच्या ध्यानात असणार? पण क्रांती चौकामागच्या माझ्या फ्रेमच्या दुकानात वन खात्याचा माणूस एक कागद देऊन गेला होता. त्यावर इंद्रजालाचं चित्र होतं. नजर लागू नये म्हणून लोक दारावर टांगतात ते काळं, जाळीसारखं वाळकं झाड. कागदात लिहिलं होतं की हे झाड नव्हेच, समुद्राच्या तळाशी वाढणारा जीव आहे. तो विकणं गुन्हा, बाळगणंही गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. मी सगळं वाचलं आणि कागद काच कापायच्या फळीखाली सारला.

आम्ही बौद्ध. नजर, उतारा, करणी असलं काही घरात कुणी काढलं तर मी त्याला तिथंच झापते. पण दुकानात गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं नाही, असं नवऱ्याच्या माघारी लेकीला वाढवत धंदा करताना मी ठरवून टाकलं होतं. तेच नडलं.

पंधरा दिवसांनी मेंढ्या राखणारे एक म्हातारे आले. घोंगडीत जपून गुंडाळलेलं इंद्रजाल त्यांनी काउंटरवर ठेवलं. सुनेची दोन बाळं पोटातच गेली होती, आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. जत्रेत कुणीतरी हे झाड त्यांच्या गळ्यात मारलं होतं, काच लावून दारावर टांगा म्हणून. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मामा, हे घरात ठेवू नका. पण आलेलं काम परत कोण पाठवतं? गुरुवारी या, मी म्हणाले.

गुरुवारी मामा माझ्या बाजूला स्टुलावर बसलेले, मी फ्रेमला मागून खिळे मारतेय, आणि वन खात्याची जीप दारात थांबली. दोघं आत आले. त्यांच्यातल्या साहेबानं फ्रेम उचलून उजेडात धरली. मी घाबरून फळी ओढली तर खालचा कागद अर्धा बाहेर आला, चित्रासकट. आत ढकलावा तर साहेब बघणार, राहू द्यावा तरी बघणार. तेवढ्यात मामांनी खांद्यावरची घोंगडी काढून नेमकी त्यावर ठेवली. म्हाताऱ्याला उकडलं असेल, मला वाटलं.

साहेबानं विचारलं, हे कुणाचं?

"या मामांचं," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आज आठवलं तरी स्वतःची किळस येते.

"हे काय आहे, तुम्हाला माहीत होतं?"

मी काउंटरवरचे खिळे गोळा करू लागले. बोलले ते मामाच. "त्यांला काय माहीत, साहेब? माझं हाय. म्या आणलं."

ते मामांना घेऊन गेले. माझा जबाब घेऊन मला सोडलं. घोंगडी काउंटरवरच राहिली.

कायद्याला मी नावं ठेवत नाही. समुद्रातला जीव ओरबाडून आमच्या दारांवर टांगायचं कारणच काय? पण ज्याला काहीच माहीत नव्हतं तो म्हातारा हर्सूलच्या जेलात होता आणि मी इथं बसून काचा कापत होते. जेवण जाईना.

जामीन झाल्यावर मामा घोंगडी न्यायला आले. मी ती पुढं केली आणि मनातलं ओकून टाकलं. मामा, मला माहीत होतं. कागद आला होता.

ते घोंगडीची घडी घालत राहिले. "ठावं हाय. वाचता येत नाय मला, पर चित्र तर दिसतं. म्हणून तर घोंगडी ठिवली."

"मग साहेबाला सांगितलं का नाही?"

"दोघांनी जाऊन काय करायचं व्हतं तिथं?"

सून कशी आहे, एवढं विचारायचंही मला धाडस झालं नाही. ते लई वेळ थांबले नाहीत, गाडीची वेळ झाली होती.

सोमवारी त्यांची तारीख आहे. कागद अजून त्याच फळीखाली आहे. तो घेऊन कोर्टात उभं राहायचं, मला माहीत होतं आणि या माणसाला मी सांगितलं नाही असं म्हणायचं, हे मी ठरवलंय. लेकीला अजून बोलले नाही.